दोर कुणाचा

टिटवी झोक्यावरून पडली तेव्हा दोरवाली मावशी पोरं मोजत होती. अठरापर्यंत आली होती. एकोणिसावं कोण हे बघायला तिने मान वळवली आणि मागून फटकन आवाज आला. मग पोरांनी एकच गलका केला. त्यात टिटवीचा आवाज नव्हता. एरवी तिच्या किंचाळण्याने अर्धी आळी जागी व्हायची, त्यावरूनच तिला हे नाव पडलं होतं. आत्ता ती मातीत बसून आपल्या डाव्या हाताकडे बघत होती. हात कोपराच्या खाली भलतीकडेच वळला होता.

"मावशी, हा बघ ना कसा झालाय," ती हळूच म्हणाली.

मावशीने पदर फाडला, चाकाजवळची एक लाकडी फळी घेऊन हात त्या फळीला बांधला. तोवर कुणीतरी टिटवीच्या बापाला बोलावून आणलं. बाप विहिरीवाला. गावातल्या सगळ्या विहिरींचा गाळ काढायला तोच उतरायचा. दांडगा गडी, पण पोरीचा हात बघून त्याचे ओठ पांढरे पडले. त्याने पोरीला उचललं, शेजारच्या टेम्पोत बसवलं, आणि बसता बसता त्याची नजर झाडाखाली पडलेल्या दोरावर गेली.

"दोर कुणाचा?" त्याने विचारलं.

दोरवाला दारातच उभा होता. मावशीचा नवरा. तीस वर्षं या माणसाचे दोर गावाच्या विहिरींवर होते आणि एकही कधी तुटला नव्हता. त्याने दोराकडे बघितलं, मग जमिनीकडे, मग बायकोकडे.

"माझा नाही," तो म्हणाला. "कुठून तरी मिळवला असेल हिने."

सगळ्यांच्या माना मावशीकडे वळल्या. तिला वाटलं, आता हा पुढे काहीतरी बोलेल.

"पडलेला होता," मावशी म्हणाली. "मी बांधला."

टेम्पो निघून गेला.

आता हा झोका आला कुठून, ते सांगायला हवं. दोर वळायला जागा लांबलचक लागते. दोरवाल्याच्या घरामागे शे-सव्वाशे पावलांची पट्टी होती. एका टोकाला चाक, मधे दोर टेकवायला वर फाटा असलेले बेळक्याचे खांब, आणि दुसऱ्या टोकाला एक जुनं झाड. दिवसभर मावशी चाक फिरवायची आणि नवरा कमरेला वाखाच्या तंतूंचा गठ्ठा बांधून, बोटांतून वाख सोडत, उलटा चालत जायचा. आयुष्यभर उलटं चालून त्याचा पंजा टाचेपेक्षा जास्त झिजला होता. मावशी म्हणायची, यांना पुढचं काही दिसत नाही यात यांचा दोष नाही, धंदाच तसा आहे.

यंदा पाऊस मधेच पाठ फिरवून गेला. जवळच्या शेतांत काम उरलं नाही, तसे लोक पहाटे उठून लांबच्या शेतांवर जायला लागले आणि दिवेलागणीला परत यायला लागले. शाळा दुपारी सुटायची. मग पोरं रस्त्यावर, मळणी यंत्राच्या आसपास, आटलेल्या विहिरींच्या काठांवर. एक दिवस दोन पोरं विहिरीच्या कठड्यावर पाय सोडून बसलेली मावशीने बघितली. ती त्यांना काही रागावली नाही. "आमच्याकडे या खेळायला," एवढंच म्हणाली. दोनाची चार झाली आणि चाराची एकवीस.

ती त्यांना काही शिकवायची नाही. तिला तरी कुठे काय येत होतं? फाटकी पोती, मोडकी चाकं, डबे, वाखाचं भुसकट असं सगळं एका कोपऱ्यात टाकून ठेवायची आणि बाजूला चाकाच्या पाटावर बसायची. पोरांनी पोत्यांची दुकानं मांडली. खांबांना पोती टांगून घरं केली, त्या घरांत भांडणं केली, भांडणं मिटवायला मावशीकडे आली आणि मावशी "मला ऐकू कमी येतं" म्हणाली तशी आपली आपणच मिटवून गेली. सूर्य टेकला की ती मोजायची. एकवीस भरली की घरी धाडायची. याचं तिला कुणी काही देत नव्हतं, आणि तिने मागितलंही नव्हतं. तिची स्वतःची मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. घरामागे पुन्हा पोरांचा आवाज आला म्हणून तिला बरं वाटायचं, हे ती उघड बोलून दाखवायची.

झोक्याची मागणी टिटवीची. मावशीने ती नवऱ्यापर्यंत पोचवली. एकदा, दोनदा, दहादा.

"नवा दोर झोक्याला?" तो म्हणायचा. "वाख काय झाडाला लागतो?"

"लागतोच की झाडाला."

"तेच म्हणतोय मी. तोडून, कुजवून, झोडपून कोण काढतं? तू?"

शेवटी एका दुपारी त्याने माळ्यावरून विहिरीचा जुना उतरवलेला दोर काढला. ओल्या पोत्याने घासला, वरून मेणाचा हात फिरवला. दोर नव्यासारखा दिसायला लागला. पाण्यात भिजून आणि उन्हात वाळून अशा दोराचा आतला पेड आधी मरतो, बाहेरचा मागाहून. हे गावात कुणाला ठाऊक नसेल, दोरवाल्याला पक्कं ठाऊक होतं. पण पोरांचं वजन ते काय, असं त्याला वाटलं. आणि मावशीला? तिने मेणाचा वास घेतला होता. विचारायचं तिच्या ओठावर आलं होतं, पण इतक्या दिवसांनी मिळालाय तर कशाला नाट लावा, म्हणून ती गप्प बसली आणि स्वतःच्या हाताने गाठी मारल्या.

टिटवीला घेऊन गेल्यावर दोरवाल्याने झाडाखालचे दोन्ही तुकडे गोळा केले. तुटलेलं टोक मावशीने त्याच्या आधी बघितलं होतं. आतला पेड काळा पडला होता, चिमटीत धरला तर त्याचा भुगा होत होता. त्याने तुकडे आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातले आणि पुढ्यात बसून राहिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. राखेतसुद्धा दोराचे पेड वळलेले दिसत होते. त्याने लाकडाने ती राख विस्कटली.

"जळलं का सगळं?" मावशीने विचारलं.

"काय सगळं?"

"मला काय माहीत. माझा तर पडलेला दोर."

तो उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी एकही पोर आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मावशी आपली सवयीने पाटावर जाऊन बसली, आणि सूर्य टेकल्यावर मोजायला काही नाही म्हणून उठली. पोत्यांचं दुकान तसंच मांडलेलं होतं. वाऱ्याने एक डबा पट्टीभर गडगडत गेला.

पाण्याला जायचं म्हणजे त्याहून वाईट. गावविहिरीचं पाणी तळाला गेलं होतं, घागर भरायला चार-चार खेपा बादली सोडावी लागे, म्हणून बायांची रांग लागायची. मावशी रांगेत उभी राहिली की पुढच्या आणि मागच्या बाईत तिच्यापुरती जागा सुटायची. टिटवीची आई एक दिवस तिच्या पुढेच होती. तिने मागे वळून बघितलं नाही. बादली ओढता ओढता पाण्याशीच बोलल्यासारखी बोलली.

"ज्याचं त्याने सांभाळावं. कुणी सांगितलं होतं का दुसऱ्याची पोरं गोळा करायला? फुकटची हौस. हौस तुमची आणि हात आमचा."

"कसा आहे गं हात?" मावशीने विचारलं.

"दीड महिना प्लास्टरच्या पांढऱ्या डब्यात ठेवायचाय. रात्री खाजतो म्हणून रडते. येऊन खाजवणार आहेस?"

कुणीतरी फिसकन हसलं. मावशीने घागर अर्धीच भरली आणि निघाली. खरं सांगायचं तर एक वाक्य तिच्या जिभेवर होतं. तेवढं टाकलं असतं तर सगळी रांग गप्प झाली असती. पण त्याच विहिरीचा गाळ काढायचं ठरलं होतं. त्यासाठी मनगटाएवढ्या जाडीचा दोर हवा होता, आणि यंदा घरात आलेलं मोठं काम ते एकच. बाजारात निळे-पिवळे दोर आल्यापासून गुरांची दावीसुद्धा लोक तिकडूनच आणायचे. फक्त माणूस खाली उतरवायचा असला की दोरवाल्याचं दार आठवायचं. त्याच्या दोराने दगा दिला हे एकदा गावाच्या कानावर गेलं की संपलं. म्हणून मावशी घागर घेऊन मुकाट चालत राहिली, आणि तिला नवऱ्याचा असा राग आला की घागरीतलं पाणी हिंदकळून कमरेवरून ओघळलं.

आठवडा उलटला आणि वरच्या आळीतली एक बाई दारात आली. तिचं धाकटं अडीच वर्षांचं. मावशीकडे ते डब्यात माती भरायचं आणि ओतायचं, एवढाच त्याचा खेळ.

"एक बारीक दोरी हवी होती," ती म्हणाली. "चारेक हात. मऊ द्या जरा."

"कशाला?" दोरवाल्याने विचारलं.

बाई उगाच हसली. "पोराला. थोरलीला पण शेतावर नेते आता, घरी कुणी नाही. कमरेला बांधते आणि खांबाला अडकवते. सावलीत असतो. पाणी ठेवते जवळ."

मावशी चाकावर होती. तिचा हात थांबला.

"दोरी नाही," ती म्हणाली.

"असं कसं? ही काय मागे," बाई म्हणाली.

दोरवाल्याने मागची दोरी काढली. मऊच होती. चार हात मोजून तोडली आणि दिली. बाई मावशीकडे न बघता म्हणाली, "मला काय हौस आहे का, मावशी? तुमच्याकडे सोडत होते तोवर बरं होतं."

ती गेल्यावर कितीतरी वेळ चाक फिरलं नाही. दोरवाला पट्टीच्या मध्यावर कमरेला वाख बांधून उभा होता.

"फिरव की," तो म्हणाला.

"आत कुजका होता," मावशी म्हणाली.

"काय?"

"मी बघितलाय. तुम्ही जाळायच्या आधी."

त्याने बोटांतला वाख सोडला नाही. "आता बोलून काय हात जुळणार आहे? चार दिवसांत त्या विहिरीत माणूस उतरायचाय. लोकांच्या मनात एकदा आलं की हा दोरवाला कुजका दोर घासूनपुसून देतो, तर खाणार काय आपण? माती?"

"मी कुठे बोलले? मी काही बोलले नाही. कुणालाच नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "मी एवढंच म्हणते, त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघून बोललात. जमिनीकडे बघून बोलला असतात तरी चाललं असतं."

मग तिनेच चाक फिरवायला घेतलं. तो उलटा चालायला लागला. झाडापाशी पोचेपर्यंत त्याचं तोंड तिच्याकडेच होतं आणि ती चाकाकडे बघत होती.

विहिरीचा दोर चौथ्या दिवशी तयार झाला. तीन पेड, पांढराशुभ्र वाख, पीळ असा घट्ट की सुरीचं टोकही आत जाऊ नये. दोघांनी तो बांबूला अडकवून खांद्यावरून विहिरीवर नेला. अर्धं गाव जमलं होतं. पोरंही होती, टिटवी हात गळ्यात अडकवून कठड्यापासून लांब बसवली होती.

माणूस उतरवायच्या दोराची एक रीत होती. दोर वळणाऱ्याने आधी स्वतः विहिरीच्या तोंडावर लोंबकळायचं, पाय सुटे सोडून. उतरणाऱ्याने तीनदा विचारायचं, दोर कुणाचा. लोंबकळणाऱ्याने तीनदा सांगायचं, माझा. मग त्याला वर घ्यायचं आणि दुसऱ्याने उतरायचं. दोरवाल्याच्या बापाने हे केलं, आजाने केलं. ज्याचा हात त्याचा जीव आधी, असा साधा हिशोब.

दोर रहाटावर चढला. मावशी नेहमीसारखी टोक धरायला पुढे झाली, तर विहिरीवाला म्हणाला, "तू बाजूला हो. तुझं लक्ष असलं की माणूस पडतो."

लोक हसले. मनाने वाईट असे नव्हते ते, पण हसले. मावशीने टोक दुसऱ्याच्या हातात दिलं आणि चार पावलं मागे जाऊन उभी राहिली. तिचे कान तापले होते. दोरवाल्याने तिच्याकडे बघितलं, मग दोराला मिठी मारली आणि कठड्यावरून पाय सोडले. रहाट करकरला. तो विहिरीच्या मधोमध लोंबकळत हळूहळू फिरायला लागला. खाली अंधार होता आणि अंधारात हातभर पाणी.

"दोर कुणाचा?" विहिरीवाल्याने विचारलं.

"माझा."

"दोर कुणाचा?"

"माझा."

"दोर कुणाचा?"

तो फिरत फिरत मावशीच्या बाजूला तोंड करून आला. टोक धरलेल्यांनी एकमेकांकडे बघितलं. दोर पुन्हा फिरला, त्याची पाठ आली, मग पुन्हा तोंड.

"माझा," तो म्हणाला. "झोक्याचाही माझाच होता. विहिरीवरून उतरवलेला, आतून कुजलेला. मेण लावून मीच दिला हिला. त्यावर मी लोंबकळलो नव्हतो."

मावशीला एकदम बरं वाटलं, आणि लगेच आपल्याला बरं वाटलं याची लाज वाटली, कारण नवरा अजून विहिरीवर टांगलेला होता आणि दोर ज्यांच्या हातात होता त्यांच्यात टिटवीचा बाप होता.

विहिरीवाल्याच्या मनगटाच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मग त्याने बाकीच्यांना खूण केली आणि दोरवाल्याला वर घेतलं. दोरवाला कठड्याला धरून वाकला. विहिरीवाल्याने त्याच्याकडे बघितलंच नाही. दोराचं टोक घेतलं, अंगठ्याने पेड उकलले, आत बघितलं. आतही पांढरा.

"दोर चांगला आहे," तो म्हणाला. "पण मी यावर उतरणार नाही. घेऊन जा."

दोर परत बांबूला अडकवला. मावशी पुढे, दोरवाला मागे. रस्त्यात दोन्ही बाजूंना लोक उभे राहून बघत होते. वरच्या आळीत एका दारात ते धाकटं पोर खांबाला बांधलेलं बसलं होतं. कमरेच्या दोरीचं मोकळं टोक तोंडात घालून चघळत होतं. मावशीचे पाय थांबले. मागून बांबू हलला, तिने मागे बघितलं. दोरवालाही थांबला होता.

"मी आधी बोलायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो."

"चुकलं माझं."

"चुकलंच. आणि वास मलाही आला होता मेणाचा," मावशी म्हणाली. "चला, खांदा दुखतोय."

दुसऱ्या दिवशी बाजारातून निळा दोर आला आणि विहिरीवाला त्यावर उतरला. आधी कुणी लोंबकळलं नाही, कुणी काही विचारलं नाही. घरामागे दोरवाला नव्या दोराचं वेटोळं पुढ्यात घेऊन बसला होता. मग त्याने टोकाची गाठ सोडली.

"चाक उलटं फिरव," तो म्हणाला.

"अख्खा उकलणार?"

"जाड आहे. पोरांच्या मुठीत बसायचा नाही."

मावशीने चाक उलटं फिरवलं. इतक्या वर्षांत तिने ते कधी केलं नव्हतं; हात सारखा सवयीच्या बाजूला जायचा. एवढ्या दिवसांचा पीळ एका सकाळी सुटला. पेड वेगळे झाले, त्यांतून बारीक दोर पुन्हा वळला. दुपारी त्याने झाडावर चढून फांदीला पोतं गुंडाळलं, त्यावरून दोर बांधला आणि पाट अडकवला.

त्या संध्याकाळी कुणी आलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी कुंपणापलीकडे तीन डोकी दिसली आणि गेली. मावशी चाकाच्या पाटावर बसली होती, दोरवाला खांबाला टेकून वाख विंचरत होता. घरात मीठ संपलं होतं, त्याबद्दल दोघंही बोलत नव्हते.

तिसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर टिटवी आली. पांढरा हात गळ्यात अडकवलेला, त्यावर कोळशाने कुणीतरी कोंबडी काढलेली. ती कुंपणाच्या फटीशी थांबली. तिच्या मागे, रस्त्यावर, तिची आई उभी होती. शेतावरून तशीच आली होती, विळा अजून हातात होता. चेहरा काही निवळलेला नव्हता.

टिटवी झोक्याकडे बघत होती.

"दोर कुणाचा?" तिने विचारलं.

दोरवाल्याने वाख खाली ठेवला. "माझा," तो म्हणाला.

"दोर कुणाचा?"

"माझा."

तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. "मग आधी तुम्ही," ती म्हणाली.

दोरवाला उठला. झोक्यापाशी गेला, दोन्ही दोर हातांनी धरले आणि पाटावर बसला. गुडघे हनुवटीला लागले. फांदी करकरली. त्याने पाय वर उचलले आणि अधांतरी बसून राहिला, तोंड रस्त्याकडे, टिटवीच्या आईकडे. तिने त्याला बघू दिलं. बराच वेळ बघू दिलं. मावशीने आपल्या चाकाच्या पाटाची कड घट्ट धरून ठेवली होती.

"हलवून दाखवा," टिटवी म्हणाली.

मावशी उठली आणि नवऱ्याच्या पाठीला हात लावून त्याला ढकललं. तो पुढे गेला, मागे आला. पुन्हा ढकललं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं तिला मागून दिसत नव्हतं, पण त्याच्या पाठीवरून कळत होतं.

"अंधार पडायच्या आत घरी ये," टिटवीची आई म्हणाली. कुणी ऐकलं का ते बघायला ती थांबली नाही.

टिटवी फटीतून आत आली. ती झोक्यावर बसली नाही. पोत्यांच्या दुकानापाशी जाऊन एका हाताने डबे सरळ करायला लागली.

"एक," मावशी म्हणाली.